घोड्याचे डोळे

कुंभाराचा मुलगा असून मी मसाटच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या काढत होतो. त्यावरून आबा, म्हणजे माझे वडील, रोज एक तरी टोमणा मारत. नव्वद सालाच्या सुमारास त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली आणि टोमणेही गेले. घरातली ती शांतता मला सोसवेना. आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहत. माझी बायको सुमन चमच्याने पेज भरवी, तीही ते ओठांतून बाहेर सोडत. असंच चाललं तर आशा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी देवापुढे दिवा लावत असे, पण मागत काही नसे. पलीकडे ऐकणारं कुणी आहे असं वाटतच नव्हतं.

अशात सुरंगीहून एक वारली बाई आली. नवस फेडायला तिला मातीचा घोडा हवा होता. आमच्याकडची रीत अशी, की घोड्याचं अंग कुणीही घडवावं, पण ओल्या मातीत अंगठा दाबून डोळे करायचे ते घरातल्या थोरल्यानेच. आता थोरला मीच, असं समजून सुमनने घडवलेल्या घोड्याला मी डोळे केले. बाई बराच वेळ बघत राहिली.

“दादा, याला वाट दिसायची नाय. डोला आबाचाच पायजे.”

“अगं, त्यांचा हात हलत नाही.”

“मग मी बसते,” म्हणत ती आबांच्या खाटेशी बसलीच.

सुमनने दुसरा घोडा घडवून ओलाच आणून दिला. बाईने आबांचा उजवा अंगठा मातीवर टेकवला, वर आपला हात ठेवला आणि म्हणाली, “घाई नाय, बाबा.”

बऱ्याच वेळाने पहिला डोळा उमटला. जोर तिचा होता की आबांचा, मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या डोळ्यासाठी मात्र आबांनी आपणहून डावा हात पुढे केला. मग त्यांची नजर मी डोळे केलेल्या, खाली ठेवलेल्या घोड्यावर गेली. वाकड्या झालेल्या तोंडातून शब्द आला, “शेळी.”

सुमनने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, कुणास ठाऊक. त्या संध्याकाळी आबा वाटीभर पेज प्याले.

घोडा भाजून निघाल्यावर तो पोचवायला मी बाईबरोबर सुरंगीला गेलो. देवाच्या झाडाखाली तिने तो ठेवला. एक डोळा मोठा, एक बारीक. मी विचारलं, “आबांच्याच हाताचा एवढा हट्ट का गं?”

“पोऱ्या तापाने फणफणला तवा देवाला बोलले, आबाच्या हातचा घोडा देईन. पोऱ्या उठला. आता दुसऱ्याचा कसा देऊ?”

ज्या हातावर आम्ही पाणी सोडलं होतं, त्याच हाताच्या भरवशावर एक आई देवाशी बोलून बसली होती.

आबा पुढे बरीच वर्षं जगले. टोमणे परतले, आणि ते मी प्रसादासारखे घेतले. आता डोळे मी करतो. घोडा अजून शेळीकडेच झुकतो. पण मातीवर अंगठा टेकवला की मी लगेच जोर लावत नाही. त्या बाईचा हात वर आहे असं समजून थोडा थांबतो. घाई नाय, बाबा.