देवगिरीचा फितूर

आमच्या नाटक मंडळातले चार जण चहाला जमले, की एका किश्शाचे दहा होतात. आणि प्रत्येकात कुणीतरी कुणावर संशय घेतलेला असतोच! दोष नाटकाचाच म्हणा. देवगिरीच्या वेढ्याची जुनी शोकांतिका: धान्य समजून गडावर चढवलेली पोती फाडतात, तर आत मीठ! राजा हरतो.

त्यात मागच्या वर्षी आमचं नेपथ्य आमच्याआधी दुसऱ्याच मंडळानं लावलं. "आपल्यातच फितूर आहे," आमचे दिग्दर्शक भालेराव सर म्हणाले. "यंदा स्पर्धेच्या पहिल्या फेरीत गळलो, तर मंडळ बंद!" सरांचा जीव त्या मंडळात अडकलेला. आम्ही हबकलोच.

*

सरांनी आम्हाला किल्ल्यावर नेलं. तिथल्या अंधारीतून, म्हणजे त्या काळोख्या भुयारातून, एकेकट्यानं जायचं आणि भीती अनुभवायची. नाटकात फितुराचं काम करणारा वाघमारे दोन मिनिटांत वर!

"तुला वाट कशी ठाऊक?" सरांनी डोळे बारीक केले.

"सर, चौथीची सहल इथंच आलती की!"

त्या दिवसापासून सरांनी त्याच्या हातचा चहा घेतला नाही.

*

मुकुंदवाडीच्या हॉलवर तालीम होती. राणी झालेली नंदाताई फोनवर हळूच म्हणाली, "मागचं दार उघडं ठेव. साडेसातला येतील."

सर खांबाआडून पुढे आले. "कोण येणार?"

"सासूबाई! पुढच्या दाराचं कुलूप बिघडलंय!"

सरांनी मला तिच्या घरी कुलूप बघायला पाठवलं. गेलो. खरंच बिघडलं होतं.

*

मग सरांनी संहिताच कपाटात कोंडली. ज्याला त्याला फक्त स्वतःची वाक्यं! शेवटच्या प्रवेशात राजा आणि सेनापती एकदमच मेले.

"एकजण उठा!" सर ओरडले.

"कुणी?" दोघांनी पडल्या पडल्या विचारलं.

"ते सांगितलं तर शेवट फुटेल!"

*

सरांचा विश्वास फक्त सुखदेववर. पाचोडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. प्रॉपर्टी, म्हणजे तलवारी-पोती असलं रंगमंचावरचं सामान, त्याच्याकडे. तालमीला कोपऱ्यात बसून सगळं बघायचा, बोलायचा नाही.

स्पर्धेचा प्रयोग रंगला. गडावर उपासमार, राणीच्या मांडीवर कापडाचं बाळ, प्रेक्षक चिडीचूप. राजानं तलवारीनं पोतं फाडलं, "मीठ!" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच्या पायावर भळाभळा ज्वारी!

सगळा गड वाघमारेकडे बघायला लागला.

"देवाशप्पथ, मी नाय!" वाघमारे किंचाळला.

प्रेक्षक हसून लोटपोट. पडदा पाडावा लागला. निकालाची वाट बघायची गरजच उरली नाही. सर विंगेत मटकन खाली बसले. "कोण? कोण फितूर झालं?"

सुखदेव पुढं आला.

"म्या भरली, सर. दोन महिने बघायलो, रोज त्या बाईचं लेकरू उपाशी मरायलंय. म्हणलं, आजच्याला तरी खाऊ द्यावं."