हातात द्या

जयपूरला नोकरीत असताना मी जवळच्या बस्सीच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात तरुणांना वराहपालन शिकवत असे. त्यांच्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. ती डुकरांशीसुद्धा अदबीनं बोलायची. "उठिए जी, नहाना है," म्हणत पांढऱ्या डुकरिणीला घासून धुवायची, कानामागे मोहरीचं तेल चोळायची.

पशुप्रदर्शनात तिची डुकरीण पहिली आली. नावं मीच पुकारत होतो. गायवाल्याला, बकरीवाल्याला प्रमुख पाहुण्यांनी हसून हातात कप दिला. हिची जात कुणीतरी त्यांच्या कानात सांगितली असावी. तिचा कप त्यांनी जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "उठा लो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मात्र शांतपणे म्हणाली, "हाथ में दीजिए. सबको हाथ में दिया है."

पाहुणे माझ्याकडे वळले. "अगला नाम बोलिए."

मी यादी मिटली. "पहले इनका कप, साहब."

शेवटी त्यांनी दोन बोटांनी कप उचलून तिच्या हातात टेकवला. तिनं तो घट्ट धरला. नमस्कार केला नाही.

सोमवारी ऑफिसनं माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. कार्यक्रमात व्यत्यय म्हणे मी आणला होता!