हात कुठे जातो

कर्जत-खालापूर भागात गेल्या काही वर्षांत ज्यांनी घर बदललं, त्यांतल्या निम्म्यांच्या नव्या घरात वास्तुशांतीच्या गुरुजींच्या पाठोपाठ पाऊल टाकणारा माणूस म्हणजे माझे मामेसासरे. मामा सरकारी मोजणी खात्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी जमिनी सोडल्या आणि माणसं मोजायला घेतली. त्यांचं म्हणणं असं की, सामान टेंपोतून एका दिवसात पोचतं. माणूस नेमका कधी पोचला, याचा कुठेही कागद नसतो. हा कागद करण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. बोलता बोलता, न बघता, यजमानाचा हात दिव्याच्या बटणावर गेला की तो माणूस राहायला आला, अशी त्यांची कसोटी. तोवर नुसतं सामान आलेलं असतं. खिशातल्या वहीत नाव, घर बदलल्याची तारीख आणि हात बरोबर गेल्याची तारीख. साजगावच्या कारखान्यातला एक फिटर अकराव्या दिवशी पोचला. नेरळच्या एका शिक्षिकेला चौदा महिने लागले आणि तेवढ्या काळात मामांनी तिच्याकडे निदान दहा वेळा पोहे खाल्ले.

कोंडाणे लेण्यांच्या वाटेवर एका शेतकऱ्याने जुन्या घराशेजारी स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. मामांनी म्हाताऱ्या आईकडे पाणी मागितलं आणि तिच्या हाताकडे टक लावून बसले. ती उठली, कोऱ्या ओट्यासमोर थबकली आणि मागच्या दाराने सरळ जुन्या घरात गेली. मुलगा ओशाळून म्हणाला, "आमी समदी हितं आलो हाय, आय नाय आली अजून." म्हातारी तांब्या घेऊन परतली तेव्हा मामा लिहीत होते. "काय रं बाबा, पानी प्याया आलास का पंचनामा कराया?" तिने विचारलं. मामांनी वही मिटली, पाणी प्यायले आणि बाहेर पडल्यावर पुन्हा वही उघडून तिचा रकाना कोरा असल्याची खात्री करून घेतली. कोऱ्या रकान्यांविषयी त्यांना विशेष आस्था होती.

मग त्यांची स्वतःचीच पाळी आली. कर्जतला पहिल्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत ते एकतीस वर्षं राहिले. जिना बावीस पायऱ्यांचा. मामींचे गुडघे गेले, तेव्हा मुलाने नेरळला लिफ्ट असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. निघताना घरमालक म्हणाले, "गणपतीपर्यंत खोल्या कुणाला देत नाही. करमलं नाही तर परत या." हे वाक्य मामांनी जपून बरोबर नेलं. मामी तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या गुडघे चोळत होत्या.

निघण्याआधी तीन दिवस मामांनी जुनं घर टेपने मोजलं. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. पलंग भिंतीपासून किती, आरसा जमिनीपासून किती, देव्हारा आणि तांदळाचा डबा यांत अंतर किती, सगळं वहीत आलं आणि तसंच्या तसं नेरळला मांडलं गेलं. एक गोष्ट मात्र आयुष्यभर मोजणी करणाऱ्या या माणसाने मोजली नाही. जुनं दार उजवीकडे उघडायचं, नवं डावीकडे. त्यामुळे दिव्यांचा बोर्ड आत शिरताना उजव्या हाताला आला. मामांचा हात जायचा डावीकडे, कोऱ्या भिंतीवर. एका संध्याकाळी मी मोजलं, चार वेळा गेला. चार महिन्यांत तिथे तळव्याएवढा डाग पडला. मामी घरातलं सगळं पुसायच्या, तेवढा डाग पुसत नव्हत्या. गुडघ्यांमुळे राहत असेल, असं मला वाटलं.

मामा स्वतःचा रकाना कोरा ठेवून सकाळची गाडी पकडून कर्जतला जायचे आणि बंद खोल्यांखाली पायरीवर बसून यायचे. गणपतीला आठ दिवस उरले तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. परत जायचं असेल तर मालकांना कळवायला हवं होतं, आणि मामींसमोर हे बोलायला त्यांना साक्षीदार हवा होता.

संध्याकाळी ते कर्जतहून परतताना मला खालीच भेटले आणि आम्ही बरोबर वर आलो. दार उघडून मामा आत शिरले, मागे वळून माझ्याशी बोलतच होते. हात सवयीने डावीकडे गेला आणि दिवा लागला. डागाच्या बरोबर मध्यभागी नवं बटण होतं. मामा त्याच्याकडे पाहत राहिले. मामी आतूनच म्हणाल्या, "हात काही शिकेना. मग सकाळी वायरमनला बोलावलं आणि भिंतीला शिकवलं." मग जरा थांबून, "मला त्या पायऱ्या जमायच्या नाहीत हो."

मामांनी दिवा बंद केला, पुन्हा लावला. बसले. चहा झाल्यावर त्यांनी मालकांना फोन करून खोल्या देऊन टाका म्हणून सांगितलं. वहीतल्या रकान्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, ही तारीख धरता येणार नाही, यात भिंतीचा हात आहे.

मी निघालो. बोलत बोलत दाराबाहेर आलो आणि उजवीकडे वाकलो. कर्जतला इतकी वर्षं माझ्या चपला उजवीकडे असायच्या. इथे त्या डावीकडे होत्या. वर पाहिलं तर मामा दारात उभे होते. त्यांनी खिशातून वही काढली आणि कोऱ्या पानावर माझं नाव लिहिलं.