गुलाबाचा ड्रम

आमचं गाव शेगावपासून अर्ध्या तासावर, खारपाणपट्ट्यात आहे. म्हणजे जमिनीला कुठेही भोक पाडा, पाणी लागतं आणि ते खारट लागतं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ तासभर चुलीवर ठेवली तरी शिजत नाही, चहा फाटतो. गोडं पाणी नळाला येतं, दहा-बारा दिवसांतून एकदा. अशा गावात शाळेतून निवृत्त झाल्यावर मी लाल गुलाब लावायचं ठरवलं. अक्कल गहाण ठेवली होती म्हणा. मी तेव्हा त्याला हौस म्हणत होतो.

खामगावच्या रोपवाटिकेतून सहा रोपं आणली आणि अंगणात कुंपणालगत लावली. शेजारी म्हणाला, "गुरुजी, इथं माणसाले प्याले पानी नाही अन् तुम्ही गुलाब लावून राह्यले?" मी नुसता हसलो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई फिरवली की आपलीही चूक कोणाला तरी दुरुस्त करावी लागेल, हे माणूस विसरतो.

सुरुवातीला दारातल्या हापशीचंच खारं पाणी घातलं. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या. कळ्या उमलायच्या आधीच माना टाकू लागल्या. एक फांदी पिशवीत घालून मी परत रोपवाटिकेत गेलो. तिथल्या म्हाताऱ्यानं एक पान बोटांत चुरगाळलं आणि म्हणाला, "खारं पानी पाजून राह्यले ना? त्यानं मुळं जळतात. वरून लवकर दिसत नाही. दिसते तवा आंदर काही राह्यलेलं नसते."

आमच्याकडे गोड्या पाण्याचे दोन ड्रम होते. घरी आल्या आल्या त्यातला एक मी गुलाबांचा केला. वर रंगानं तसं लिहूनही टाकलं, मास्तरकी हाडात मुरलेली. बायको ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी तिला म्हातारा काय म्हणाला ते सांगितलं. ती म्हणाली, "करा. मले हापशीचं हाय ना."

आमच्या भागात गोड्या पाण्याची एक रीत आहे. पहिला तांब्या पाहुण्याला. मग घरच्या पुरुषांना आणि लेकरांना, मग डाळीला, चहाला. त्यातून उरलं तर घरची बाई पिते, नाही तर हापशीवर भागवते. माझ्या आईनं तेच केलं. बायको तर घाटावरची, गोड्या विहिरीच्या गावातली. लग्न होऊन घाटाखाली आली तेव्हा पहिले काही महिने तिला आमचं पाणी घशाखाली उतरत नव्हतं. सवय होईल, असं मीच म्हणालो होतो. सवय झाली.

दोनाचा एक ड्रम झाल्यावर गोडं पाणी पाचव्या-सहाव्या दिवशीच तळाला जायचं. माझ्यासाठी ती एक कळशी झाकून ठेवायची आणि स्वतः पुढचा नळ येईपर्यंत खारं प्यायची. मला हे माहीत नव्हतं असं लिहायचा मोह होतो आहे. पण मला माहीत होतं. तिची कुरकूर नव्हती, म्हणून मी विचारलं नाही.

गुलाब मात्र असे फुलले की रस्त्यानं जाणारे थांबायचे. बाया पूजेला फुलं मागायला यायच्या. मी कात्रीनं एकेक देठ कापून द्यायचो आणि प्रत्येकीला ऐकवायचो, "याले गोडंच पानी लागते. खारं याले मारून टाकते." हे शहाणपण मी गावभर वाटलं. घरात वाटायचं राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तीन वर्षांनी तिच्या बांगड्या मनगटात रुतू लागल्या. पाय सुजले. उभं राहून राहून सुजले असतील, असं ती म्हणाली आणि मी मान डोलावली. मग जेवण जाईना, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा तपासण्या केल्या. दोन्ही किडन्या जवळपास गेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "पिण्याचं पाणी कोणतं?"

"नळाचं," मी म्हणालो.

ती खाली बघत हळूच म्हणाली, "याईचं नळाचं. माह्यं हापशीचं."

डॉक्टर म्हणाले, एकट्या पाण्यावर खापर फोडता येणार नाही, तिला ब्लडप्रेशरही आहे. पण तुमच्या पट्ट्यातले पेशंट बरेच येतात. पहिलं वाक्य त्यांनी माझ्यासाठी म्हटलं असावं. मला त्याचा काही उपयोग झाला नाही. मी अपराधी आहे आणि त्यात डॉक्टरांचं मत विचारायची गरज नाही.

आता आठवड्यातून दोनदा आम्ही डायलिसिसला जातो. शुद्ध पाण्याचा कॅन रोज दारात येतो, गोडं पाणी घरात भरपूर आहे, आणि तिला ते पिता येत नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलंय, दिवसाला अर्धा लिटर, त्यातच चहा आणि त्यातच गोळ्या. सकाळी एका बाटलीत मी मापून भरतो. उन्हाळ्यात दुपारी तीनलाच बाटली संपते. मग ती ओठांवरून ओला फडका फिरवत बसते. मी समोर पाणी पीत नाही, मागच्या मोरीत जाऊन पितो. लपून पाणी पिणाऱ्या माणसाला स्वतःची जी किळस येते ती मला रोज येते.

एकदा कुदळ घेऊन गुलाब उपटायला निघालो, तर तिनं अडवलं. "त्याईनं काय केलं? राहू द्या." मी कुदळ ठेवली, पण त्यांना पाणी घालणं बंद केलं. चार दिवसांत शेंडे लोंबले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती भिंतीला धरत ओट्यावर येऊन बसली. त्या दिवसाची तिची बाटली कधीच संपली होती. म्हणाली, "पानी टाका त्याईले."

मी बादली भरून आणली आणि पहिल्या झाडाच्या बुडाशी ओतू लागलो.

"तसं नाही. तांब्यानं टाका. सावकास."

"काऊन?"

"मले आवाज आयकू द्या."

मी आतून तांब्या आणला आणि एकेका झाडाला, हात जाईल तितक्या उंचीवरून, पाणी घालत राहिलो.