टिकारामचं जेवणाचं गाणं

बालाघाटला बसस्टँडमागे टिकाराम भोंगेवाल्याची खोली होती. लग्नसराईत खैरलांजीपासून बैहरपर्यंत त्याचा भोंगा वाजे. एक गाणं संपलं की लगेच दुसरी तबकडी चढवायची, त्यामुळे इतकी लग्नं वाजवूनही तो कधी पंगतीत बसला नव्हता. ताट यंत्राशेजारी येई आणि वरण गार होई. त्याची तक्रार नव्हती. मुलीच्या, सीताच्या लग्नात मात्र व्याह्यांच्या शेजारी बसून जेवायचं, एवढं त्याने मनाशी धरलं होतं. पण यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यायलाही मन होईना.

भरवेलीच्या खाणीतले एक इंजिनिअर बदलून जाताना त्याला एक मोठी विलायती तबकडी देऊन गेले होते. कुठल्याशा बँडने हजारो लोकांपुढे केलेला कार्यक्रम तिच्यावर होता. अख्ख्या बाजूला वीसेक मिनिटांचं एकच गाणं; गायक क्वचित येई, बाकी गिटार, ऑर्गन आणि ड्रमची चढाओढ. गिऱ्हाइकाला चालणार नाही म्हणून टिकारामने ती पेटीत तळाशी ठेवली होती.

१९७५च्या उन्हाळ्यात सीताचं लग्न झालं. पंगत बसली. हट्टा गावचे व्याही हिरालाल पत्रावळीपुढे हात आखडून बसले.

"तुमी बसल्याबिगर मी घास नाही घेत."

"भोंगा कोण पाहीन? बंद करू काय?"

"बंद नोका करू! गावाले वाटन, वरात भांडून उठली."

टिकाराम यंत्राकडे गेला. पेटीच्या तळातून ती तबकडी काढून त्याने लावली, हात धुतले आणि व्याह्यांशेजारी बसला.

वाढता वाढता त्याची बायको शांताबाई थबकली. "हे काय लावलं? गाणाऱ्याले ताप आला काय?"

"बाजा सरला का येते तो. तू वरण वाढ."

वरण गरम होतं. ऑर्गन चढत गेला, ड्रम कोसळले आणि एकाएकी भोंग्यातून टाळ्या-शिट्यांचा कल्लोळ उठला. सगळी पंगत मांडवाच्या दाराकडे वळून पाहू लागली.

"व्याही, एवढे पाहुणे कोठून बलावले? आमी तं एका बसमधी मावलो!" हिरालाल म्हणाले.

टाळ्या म्हणजे गाणं संपलं. टिकाराम सवयीने अर्धा उठला. हिरालालांनी त्याचं मनगट धरलं.

"बसा. ते लोक तरी कुठं उठले अजून?"

टाळ्या खरंच थांबत नव्हत्या. टिकाराम हसला, खाली बसला आणि त्याने बुंदी मागितली.

पुढे प्रत्येक लग्नात पंगतीला तीच तबकडी लागू लागली आणि टिकाराम पाहुण्यांबरोबर जेवू लागला. वाढप्यांनाही ती पाठ झाली. टाळ्या ऐकू आल्या की ते बुंदीचं घमेलं उचलत.