हे पाणी वसमतचं नाही

"तू हे घालून पाणी सोड," म्हणत निशांतदादानं माझ्या हातात रबरी हातमोजे दिले.

मारुतीच्या देवळापुढं विटांच्या ओट्यावर काळी प्लास्टिकची टाकी ठेवली होती. टाकीला तोटी. तोटीपुढं अख्खा गाव. हंडे, कळशा, तेलाचे रिकामे डबे. पाणी वाटणारे आम्ही सगळे स्वयंसेवकच. पुण्याहून आलेली पोरं-पोरी, औंढ्याचे एक तरुण मास्तर आणि मी. त्या सगळ्यांचे हात उघडे होते. मोजे फक्त मला.

"काहून?" मी विचारलं.

"हायजीन गं," तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि इथल्या काही बायकांना... तुला माहितीये ना. आत्ता वाद नको. आत्ता पाणी महत्त्वाचं."

मला माहिती होतं. मी मोजे घातले. ऊन चढलं तसे आत तळवे घामानं चिंब झाले. तरीही बाया हंडा तोटीखाली ठेवून दोन पावलं मागं सरत. हंडा भरला की मी बाजूला व्हायची वाट बघत. रबराचाही विटाळ होत होता त्यांना.

आमची वस्ती माळावर आहे. मुरमाड माळ. तिथं नांगर लागत नाही, बाभळसुद्धा खुरटी उगवते. कुणालाच नको होती ती जागा गावानं आमच्या आजा-पणजाला दिली. गावानं स्वतःसाठी ठेवली काळी जमीन, नदीच्या कडेची, हळदीची. यंदा आसना नदी त्या काळ्या जमिनीवरून घरांत शिरली. हळद जागेवर सडली. नळयोजनेची विहीर गाळानं भरली, तिच्यात मेलेलं वासरू तरंगत होतं. गावातले हापसेही बुडाले. वसमतच्या रस्त्यावरचा पूल खचला आणि टँकर पलीकडंच अडकले.

माळाला पाणी शिवलं नाही.

निशांतदादाची टोळी आली ती होडीतून. चांगली माणसं, असं मला वाटलं. गाळ उपसला, पावडरी वाटल्या. मी वसमतच्या कॉलेजात विज्ञान शिकते, म्हणून पाण्याचे नमुने घ्यायला मला सोबत घेतलं. गावातला एकही नमुना पिण्यालायक निघाला नाही. निघाला तो एकच, आमच्या माळावरच्या हापशाचा.

मला आनंद झाला. खरंच झाला. माझा बाप वसमतला हळदीच्या बाजारात पोती उचलतो. सभेला गेला की तिथली पत्रकं घेऊन येतो आणि घराच्या कुडाला चिकटवतो. शाळेत जायच्या आधी मी त्या कुडावर अक्षरं शिकले. समता, हक्क, पाणी. ते शब्द मला तोंडपाठ होते. वाटलं, जे भिंतीवर वाचलं ते आता खाली गावात घडतंय.

काम असं ठरलं. वस्तीतल्या बायांनी हापसायचं. ट्रॉलीतले ड्रम भरायचे. ट्रॅक्टर बापूरावांचा. गावातली निम्मी हळद त्यांची, गावात शब्दही त्यांचाच. ड्रम टाकीत रिकामे करायचे, जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, मग वाटप.

माझी माय पहिल्याच दिवशी पदर खोचून दांड्याला भिडली. तिच्यामागं सगळी वस्ती. हापशाचा दांडा दिवसभर खाली-वर. बायांच्या हाताला फोड आले. माय फोडांवर खोबरेल लावत म्हणाली, "लावू दे गं. गाव पिऊन राहिलं आपलं पाणी. माझ्या सासूनं हे बघायला पाहिजे होतं."

ती असं म्हणाली. आणि खाली गावात काय चाललं होतं ते तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

कळलं ते मोज्यांच्याच दिवशी, तोटीवर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा. रांगेत कौसाबाई होती. तिचा नातू आजारी, कडेवर मान टाकून पडलेला. तिनं ओंजळीत पाणी धरून त्याच्या ओठाला लावलं.

"गोड हाय बाई पाणी," ती म्हणाली.

"वसमतचं हाय. फिल्टरचं," मागची बाई म्हणाली. "माळावरल्या हापशाचं आसतं तर तोंडात धरवलं असतं का?"

"हळू बोल ना. त्यायचीच पोरगी हाय म्होरं."

"आसंना. खोटं बोलून राहिले का मी?"

चार बाया हसल्या. कौसाबाईही हसली.

मी निशांतदादाकडं पाहिलं. त्यानं मोबाईलमध्ये मान घातली. तेव्हा मला सगळं दिसलं. ट्रॉली माळावरून सरळ गावात का येत नाही ते दिसलं. ती मागच्या पांदणीनं, शेतांमधल्या अरुंद वाटेनं, चिखल तुडवत पुलापर्यंत जायची आणि तिथून वळून गावात यायची. पुलाच्या बाजूनं. म्हणजे वसमतकडून, पलीकडच्या टँकरचं पाणी उतरवून आणल्यासारखी. मला वाटायचं वेशीतला रस्ता खचलाय.

मी तोटी बंद केली आणि त्याला देवळाच्या मागं नेलं. बापूरावही आले.

"लोकांना काय सांगितलंत तुम्ही?"

"हे बघ," निशांतदादा म्हणाला, "पाणी कुठलं आहे याने काय फरक पडतो? शुद्ध आहे ना? लोक पितायत ना?"

"फरक पडत नाही, तर मग सांगा ना."

त्यानं बापूरावांकडं पाहिलं. बापूराव बोलले. शांतपणे, लेकराला समजावल्यासारखं.

"पोरी, लोकायला कळलं तर टाकीजवळ कुत्रं फिरकणार न्हाई. विहिरीचं पितील. लेकरायला हगवण लागंल. ते पाप कुणाच्या डोक्यावर? तूच सांग."

"थोडं प्रॅक्टिकल हो," निशांतदादा म्हणाला. "हे सगळं निवळू दे. मग आपण जातीच्या प्रश्नावर इथं शिबिर घेऊ. तूच बोल त्यात."

शिबिर.

पाणी आमचं. हापसणारे खांदे आमचे. आणि कुणी मेलं तर पापही आमच्याच डोक्यावर. गावाला आमचं पाणी चालत होतं. फक्त त्याला आमचं नाव चालत नव्हतं. लहानपणी आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ते मी विसरले नाही. पण त्यात लपवाछपवी नव्हती. ओतणाऱ्याला माहीत होतं तो काय करतोय, पिणाऱ्यालाही. हे त्याहून घाण होतं. इथं माझ्या मायला आनंदात ठेवून तिचाच विटाळ मानला जात होता.

मी मोजे काढले, तिथंच टाकले आणि माळाची वाट धरली.

माय दांड्यावर होती. ट्रॉली भरत आली होती. मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, हसलेल्या बायासुद्धा. दांडा थांबला. ड्रममध्ये शेवटचं पाणी पडल्याचा आवाज आला.

सगळ्यात म्हातारी सखूआजी उठली. "बंद करा हापसा. मरू द्या त्यायला तहानेनं. आपल्याला किती पिढ्या मारलं."

"व्हय, बंद करा," मीही म्हणाले.

मायनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तसा तिचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता.

"हापसा बंद व्हनार न्हाई," ती म्हणाली. "पानी आडवनं त्यायचं काम हाय, आपलं न्हाई. पन आता हे चोरावानी जानार न्हाई."

ती ट्रॅक्टरजवळ गेली. ड्रायव्हर गावातलंच पोरगं, मान खाली घालून बसलेलं.

"घे ट्रॉली. पन पांदणीनं न्हाई न्यायची. म्होरून ने. येशीतून."

"मावशे, मालक मारंल मला."

"मंग उतर खाली. आमी ढकलत नेतो."

तो उतरला नाही. त्यानं ट्रॅक्टर सुरू केला. मी ड्रमांवर चढून बसले. माय आणि बाया मागून चालत आल्या. माळाचा उतार, मग वेस, मग गावाचा मोठा रस्ता. घरांच्या ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली. आमच्या वस्तीची माणसं त्या रस्त्यानं अशी मधोमध कधी चालली नव्हती. कडेकडेनं चालायचो आम्ही.

देवळापुढं ट्रॉली थांबली. रांग तशीच होती. मी ड्रमावर उभी राहिले. मोठ्यानं म्हणाले.

"हे पाणी वसमतचं न्हाई. माळावरच्या आमच्या हापशाचं हाय. ह्या माझ्या माय-मावश्यायनं हापसलंय. तपासलेलं हाय, औषध टाकलेलं हाय. पहिल्या दिवसापासून तुमी हेच पिऊन राहिले. आता ज्याला प्यायचं त्यानं कळून प्यावं."

मग पहिला हंडा उपडा झाला. मग दुसरा. भांड्यांचा आवाज आणि शिव्या एकत्रच सुरू झाल्या. एक धोतरवाला म्हातारा देवळाच्या भिंतीला टेकून घशात बोट घालत होता. इतके दिवस प्यालेलं पाणी त्याला आता ओकायचं होतं. कुणीतरी तांब्यातून गोमूत्र आणून टाकीभोवती शिंपडलं. पुराबरोबर घरात आलेल्या मेलेल्या जनावरांच्या घाणीवर कुणी शिंपडलं नव्हतं.

बापूराव माझ्याजवळ आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "गावाच्या घशात हात घातलास पोरी. याद ठेव."

"ठेवीन," मी म्हणाले.

कौसाबाई तिथंच उभी होती. कडेवर नातू, पायाशी भरलेला हंडा.

"ओत ना गं," कुणीतरी तिला म्हणालं.

"ओतते घरी जाऊन," ती म्हणाली. हंड्याच्या तोंडावर पदर ओढला आणि निघाली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. ते पाणी तिनं ओतलं नसणार, मला खात्री आहे. पण प्यायलं तेही पदराआडच.

दुसऱ्या दिवशी निशांतदादानं टाकी उचलली. पुढच्या गावाला निघाला. जाताना म्हणाला, "सगळ्यांच्या मेहनतीवर तू पाणी फिरवलंस. तुझं बरोबर असेलही, पण ही वेळ नव्हती."

वेळ. पूर असला की वेळ नसते. दुष्काळ असला की नसते. लग्नसराईत नसते, निवडणुकीत नसते, गावात शांतता असेल तर ती बिघडवायची नसते. माझ्या आज्याची वेळ आली नाही, बापाची आली नाही. ती आमच्यापर्यंत कधी येऊ द्यायची हे ठरवणारा माणूस नेहमी कुठूनतरी बाहेरून येतो आणि त्याचे हात उघडे असतात.

त्यानंतर गावात काही घरांनी विहिरीचं पाणी फडक्यानं गाळून प्यायलं. लेकरांना हगवण लागली. त्यांना पुलाच्या पलीकडं नेऊन वसमतच्या दवाखान्यात भरती करावं लागलं. सगळी लेकरं परत आली. पण गावानं दोष माझ्यावर ठेवला. आजही ठेवतात. मी एसटीला उभी राहिले की बाया एकमेकींना कोपर मारतात, "हीच ती. लेकरं मारायला निघाली होती."

ती लेकरं आजारी पडली ते मला लागलं. का लागणार नाही? पण ते ओझं मी उचलणार नाही. चांगलं पाणी त्यांच्या दारात उभं होतं. ते त्यांच्या आई-बापांनी स्वतःच्या हातानं चिखलात ओतलं. मी फक्त ते कुठलं आहे एवढं सांगितलं.

नदी पुन्हा गावात शिरेल. विहीर पुन्हा बुडेल. कुणीतरी पुन्हा टाकी घेऊन येईल आणि मला बाजूला घेऊन समजूतदारपणा शिकवील. त्याला मी आत्ताच सांगून ठेवते. माळावरचा हापसा उघडा आहे, उघडाच राहील. बापूरावांनी यावं, त्या म्हाताऱ्यानं यावं, हसलेल्या बायांनी यावं. आमच्या मागं रांगेत उभं राहावं, दांडा स्वतःच्या हातानं हापसावा आणि सगळ्यांसमोर प्यावं. पाण्याला मी कुणालाच नाही म्हणणार नाही.

पण आमचं नाव पुसून आमच्या पाण्याची ट्रॉली पांदणीनं निघाली, तर मी चाकापुढं आडवी पडेन. मग खाली गाव तहानेला असो नाहीतर आजारी. ती ट्रॉली माझ्या अंगावरून न्यावी लागेल.