ओढ्यापलीकडचं जुनं गाव

आमच्याकडं नवा माणूस ओसरीवर टेकला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ प्रश्न येतो, "गाव कोणतं?" आईनं तो माझ्या होस्टेलमधल्या मित्रालाही विचारला. मित्र पॅलेस्टाईनचा, पुण्यात फार्मसी शिकायला आलेला. दिवाळीला होस्टेल रिकामं झालं आणि हा बंद मेससमोर एकटा बसलेला दिसला, म्हणून मी त्याला उमरग्याच्या गाडीत घातलं. त्याचं हिंदी मोडकं, आईचं त्याहून मोडकं, मध्ये मी.

त्यानं एका गावाचं नाव सांगितलं.

"तिथं आता कोण असतं?"

"कुणीच नाही. सगळी घरं पडली."

आई चटकन पुढं सरकली. "भूकंप झाला व्हय रं? सरकारनं घरं दिली का मग?"

हसू नका तिला. आमच्या भागात गाव ओस पडायचं एवढं एकच कारण माहीत आहे. आमचंही गाव एका रात्रीत पडलं. मी त्यानंतरचा. ओढ्याच्या अलीकडं बांधून मिळालेल्या एकसारख्या घरांच्या रांगेत जन्मलेला. पलीकडं जुनं गाव, वेड्या बाभळींनी गिळलेलं. माझी थोरली बहीण त्या रात्री तिथंच गेली, लहान होती. तेव्हापासून आईनं त्या गावात पाऊल टाकलं नाही. आमचं शेत जुन्या गावाला लागूनच, पण ती डांबरी रस्त्यानं मोठा वळसा घालून शेतात जायची. त्यावर बोलायची वडलांचीही टाप नव्हती.

मी मित्राला डोळ्यानं खुणावलं, हो म्हण आणि सोड. तो कसला सोडतोय!

"नाही, आई. माणसं जिवंत होती. घरंही उभी होती."

मग त्याच्या आजीनं त्याला सांगितलं होतं ते सगळं तो सांगू लागला. टेकडीवरचं गाव, दगडी घरं. वर झरा, खाली खळी. अंजिराची आणि ऑलिव्हची झाडं, भोवती फड्या निवडुंगाचं कुंपण. अठ्ठेचाळीस साली, खळ्यावर गहू पडलेला असताना बंदूकवाले आले. चार दिवसांत परत येऊ म्हणून माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. त्यांना परत येऊच दिलं नाही. घरं नंतर पाडली आणि त्यावर पाइनचं जंगल लावलं. आता तिथं लोक डबे घेऊन सहलीला येतात. निवडुंग तेवढा हटला नाही, तोडला तरी पुन्हा फुटतो. झऱ्यापासून निघालं की पहिलं घर कुणाचं, दुसरं कुणाचं, हे आजीनं नातवंडांकडून पाठ करून घेतलेलं. निर्वासितांच्या छावणीतल्या त्यांच्या गच्चीवरून ती टेकडी दिसते. हा एकदाही तिथं गेलेला नाही.

हे सगळं मी आईला मराठीत सांगत होतो. याच्यासोबत मी एका खोलीत राहत होतो, एका ताटात जेवत होतो, आणि मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

"म्हंजी माणसं जित्ती असताना गाव मोडलं?" आईनं मला विचारलं. माझंच काहीतरी चुकलं असेल असं तिला वाटलं. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तेच म्हणाली.

"आन् मयताची जागा? तितं तरी जाऊ देत आसतील की."

"नाही."

"धरणीला काय कळतंय, बाबा? पर माणसानं?"

मित्रानं विचारलं, तुमचं जुनं गाव कुठं आहे? तिनं ओढ्याकडं हात केला. बाभळी ओसरीवरून दिसतच होत्या.

"इतना पास?" तो म्हणाला. "वहाँ कौन रोकता है?"

या घरात हा प्रश्न! मी त्याचं मराठी केलंच नाही. पण एकेकाळच्या निजामाच्या मुलखात वाढलेल्या बाईला तेवढं हिंदी सांगायला दुभाष्या कशाला लागतो?

आता ही याला घराबाहेर काढते, असंच मला वाटलं.

"मला कुणीबी अडवलं न्हाय," ती म्हणाली, आणि उठून पायात चपला घातल्या.

ती पुढं, आम्ही मागं. ओढा ओलांडला. मित्र काटेरी फांद्या हातानं बाजूला धरत होता आणि आई दगडांच्या ढिगांकडं बोट करून सांगत होती, हे सुताराचं, हे गुरवाचं, हितं हापसा व्हता. एका ढिगापाशी ती थांबली. पदर डोक्यावर घेतला, आणि सांजेला अंगणातून पोरांना घरात बोलावतात तशी तिनं माझ्या बहिणीला हाक मारली. ते नाव तोवर मी आईच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं.